शेन सरांची विद्यार्थिनी

रत्नागिरीजवळच्या फणसोपची रुमाना सौदीतल्या यान्बूच्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. बायकांच्या विभागात तळमजल्याच्या अगदी टोकाला तिची खोली. गुडघे बदललेल्या सौदी आज्या, कंबर धरलेल्या शाळेतल्या बाया, बाळंतपणानंतर पाठ दुखणाऱ्या पोरी, सगळ्या तिच्याकडे यायच्या आणि सगळ्यांशी ती मोडक्यातोडक्या अरबीत पोटभर गप्पा मारायची. बोलण्याच्या नादात माणूस पाय जास्त उचलतो, हा तिचा अनुभव होता.

फांग रुईझू यांना व्हीलचेअरवरून पहिल्यांदा आणलं तेव्हा मात्र तिला वाटलं, इथं आपल्या गप्पा संपल्या. चिनी बाई, वय चौऱ्याऐंशी. मुलगा लियांग इथल्या रिफायनरीत इंजिनिअर. वडील गेल्यावर हिवाळ्यापुरती म्हणून त्यानं आईला आणली, आणि सामान नीट लागतंय न लागतंय तोच ती बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, आणि आता पुन्हा चालायला शिकवायचं काम रुमानाकडे आलं.

"सलाम, खाला," रुमाना सवयीनं म्हणाली. म्हाताऱ्या बाईला ती खाला, म्हणजे मावशी, याखेरीज दुसरं काही म्हणूच शकत नसे.

बाईंनी वर पाहिलं आणि सावकाश, पुस्तकातून उचलल्यासारख्या इंग्रजीत विचारलं, "या पायावर आज किती वजन टाकायचं आहे?"

"जितकं सहन होईल तितकं, खाला."

"सहन होणं म्हणजे माप नव्हे."

रुमानानं शेजारच्या खोलीतला वजनकाटा उचलून आणला आणि त्यांच्या दुखऱ्या पायाखाली ठेवला. "यावर दाबा. काटा इथपर्यंत आला की थांबायचं. उद्या थोडं पुढं."

फांग खालांनी काट्याकडे पाहिलं, मग रुमानाकडे पाहिलं, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. तिथून दोघींचं जमलं.

दोन-तीन दिवसांनी रुमानानं सहज विचारलं, "खाला, तुम्ही काम काय करत होता?"

"व्हॉल्व्ह बनवायचे मी."

"नळांचे?"

"रॉकेटचे," खाला म्हणाल्या आणि पाय उचलत राहिल्या.

रुमानाला वाटलं बाई थट्टा करतायत. संध्याकाळी न्यायला आलेल्या लियांगला तिनं विचारलं, तर तो ओशाळून म्हणाला, "खरं आहे. लहानपणी मलाही माहीत नव्हतं. आई वाळवंटात नोकरीला आहे एवढंच आम्हाला सांगायचे."

मग व्यायामाच्या वेळेला नवाच रंग चढला. रुमाना टाच दाबायला लावायची, गुडघा वाकवायला लावायची, आणि खाला सांगत राहायच्या. जे सांगायची मोकळीक नव्हती तिथं त्या सरळ म्हणायच्या, "हे मी सांगणार नाही," आणि पुढं जायच्या. स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. बोलत ते एकाच माणसाबद्दल. प्रोफेसर शेन बोयुआन. टीचर शेन, असं त्या म्हणायच्या. रुमानाच्या मनात ते आपोआप शेन सर झाले.

"आमच्यातल्या कोणीच रॉकेट पाहिलेलं नव्हतं," खाला म्हणाल्या. "शेन सरांनीसुद्धा नाही. ते युरोपात वाफेच्या टर्बाइनवर शिकले होते. तिथं चांगली नोकरी होती, घर होतं. देश नवा उभा राहत होता म्हणून बोटीनं परत आले. त्यांना विचारलं, रॉकेट कराल का? ते म्हणाले, मला येत नाही. पण काय येत नाही ते मी नीट शोधून काढू शकेन."

"आणि ठेवून घेतलं?"

"दुसरं होतं कोण?"

असे शेन सर पोरापोरींना घेऊन वायव्येकडच्या वाळवंटात गेले. हिवाळ्यात शाई गोठायची. आकडेमोड हातानं फिरवायच्या यंत्रावर आणि चौकटीतले मणी सरकवून करायची. सर कोणाला धडा समजला का असं विचारत नसत. खडू हातात देत आणि फळ्याजवळ उभं करत. "तू आम्हाला शिकव," म्हणत. खाला तेव्हा विशीतल्या. गावातून आलेल्या, बोलायला लाजणाऱ्या. पहिल्यांदा खडू हातात आला तेव्हा त्यांना रडू फुटलं. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "रड. झालं की सुरू कर. आम्हाला घाई नाही."

मग उपासमारीची वर्षं आली. वाळवंटातल्या झुडपांच्या बिया दळून पोरं पोळ्या करून खायची. सरांना मिळणारा वाफवलेला पाव ते रोज कोणाच्या तरी पुढं सरकवायचे. आपल्या पोटाला तो मानवत नाही म्हणायचे. सरांची बायको दूर शहरात डॉक्टर होती. तिनं एकदा सुकी कोळंबी पाठवली, तर ती सगळीच्या सगळी मोठ्या पातेल्यात, सगळ्यांच्या सूपमध्ये.

"सुकट!" रुमाना एकदम मराठीत म्हणाली. मग तिनं खालांना समजावून सांगितलं की तिच्या गावीही पावसाळ्यात मासळी मिळत नाही, तेव्हा घरोघरी हीच वाळवलेली कोळंबी लागते. खालांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "सु-कट." आणि त्या दिवशी काटा ठरल्यापेक्षा थोडा पुढं गेला.

इतकं सगळं नीट चाललं होतं, आणि खाला पडल्या.

चालायचा सराव दोन समांतर दांड्यांच्या मधून व्हायचा. खांबात खांब सरकवून दांड्या वरखाली करता येतात. हवी ती उंची आली की खांबाच्या भोकातून एक स्प्रिंगचं बटण बाहेर येतं आणि दांडी तिथं अडकते. खाला बुटक्या. त्यांच्याआधी एक उंच सुदानी बाई चालून गेली होती. रुमानानं दोन्ही दांड्या खाली घेतल्या, टक असा आवाज ऐकला, बटणं बाहेर आलेली पाहिली, खालांच्या कमरेला पट्टा बांधला आणि पट्टा हातात धरून मागं उभी राहिली. खाला छान चालल्या. टोकाला जाऊन वळताना त्यांनी डाव्या दांडीवर भार टाकला, आणि दांडी खाडकन खाली गेली.

रुमानानं पट्टा सोडला नाही. खालांचं सगळं अंग आपल्या मांडीवर घेत ती त्यांच्यासकट फरशीवर बसली. खुबा वाचला. पण खालांचा हात दांडीखाली आला होता आणि मनगट बघता बघता सुजलं. फरशीवर बसल्या बसल्या खाला चिनी भाषेत ओरडत होत्या, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. नर्स धावल्या, डॉक्टर आले, एक्स-रे झाला. कुठं नवीन मोडलेलं नव्हतं. पण त्या गडबडीत खाला काय सांगत होत्या ते कोणालाच कळलं नाही. घाबरल्या असतील, असंच सगळे समजले.

लियांग आला तो रागानं लालबुंद होऊन. रुमानाकडे त्यानं पाहिलंही नाही. सरळ वर गेला आणि तक्रार देऊन आला.

दुसऱ्या दिवशी इमादनं रुमानाला बोलावलं. इमाद जॉर्डनचा, हॉस्पिटलात काही चुकलंमाकलं तर चौकशी त्याच्याकडे. वाईट माणूस नव्हता, फक्त घाईतला होता. त्यानं समोर फॉर्म ठेवला. जबाबदार व्यक्ती कोण, हाच त्यातला पहिला प्रश्न.

"उपकरण ठीक आहे," इमाद म्हणाला. "टेक्निशियन कादिरनं लगेच येऊन पाहिलं. दांडी वर घेतली, खाली घेतली, सगळं बरोबर. तेव्हा सिस्टर, तुम्ही लिहून द्या की दांडी लावताना लक्ष कमी पडलं. एक ताकीद मिळेल, खलास."

"पण मी बटण पाहिलं होतं."

"मग दांडी पडली कशी?"

ताकीद म्हणजे नुसती ताकीद नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. ज्याच्या नावावर पेशंट पाडल्याचा शिक्का, त्याचं पुढं कोण वाढवेल? तिनं एक दिवसाची मुदत मागून घेतली.

घरी जाफरनं तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता चहा टाकला. तो यान्बूच्या बंदरावर एका शिपिंग एजंटकडे कामाला होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "अगो, तू ढकललंस काय त्यांना?"

"नाही. पण दांडी मीच लावली होती ना. माझंच लक्ष नसेल. ऐकता ऐकता... खाला त्या रॉकेटचं सांगत होत्या..."

"तुला तसं आठवतंय, की घाबरून वाटतंय?"

रुमाना रडायलाच लागली. "आता मलाच कळत नाही."

"मग सही करू नको. जास्तीत जास्त काय होईल? घरी जाऊ. फणसोप काय पळून जात नाही."

सही करायच्या आधी खालांची माफी मागायची, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं आणि सकाळी ड्युटी सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या खोलीत गेली. खाला उशीला टेकून बसल्या होत्या. मनगटाला पट्टी, समोर न खाल्लेला नाश्ता.

"खाला, मला माफ करा. माझी चूक झाली."

"कोणती?"

"दांडी नीट बसली नव्हती."

"हे काय घडलं ते सांगितलंस. चूक कोणती?"

रुमानानं फॉर्मचं सांगितलं, कादिरनं दांडी तपासल्याचं सांगितलं, ताकिदीचं सांगितलं. खालांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी ओरडून सांगत होते, त्या दांडीला कोणी हात लावू नका! जशी आहे तशी राहू द्या! आणि त्या मुलानं लगेच येऊन ती सरळ केली?"

"तुम्ही ते सांगत होता?"

"मग काय? रडत होते असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी रुमानाला पलंगावर बसवून घेतलं. आणि तिला शेन सरांची ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी व्यायामाच्या वेळी कधी काढली नव्हती.

खाला तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. चाचणीच्या ओट्यावर इंजिन पेटवलं आणि ते फुटलं. माणसं वाचली, पण कित्येक महिन्यांचं काम वाळूवर विखुरलं. संशय एका व्हॉल्व्हवर आला आणि त्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचं गणित फांग रुईझूनं केलेलं होतं. ते दिवस असे होते की चुकीला नुसती चूक कोणी म्हणत नसे. मुद्दाम केलं का, कोणाच्या सांगण्यावरून केलं, घरचे कोण, असे प्रश्न यायचे, आणि त्या प्रश्नांतून माणूस परत यायचाच असं नव्हतं. चौकशीला वरून माणसं आली. पहिलाच प्रश्न: हे कोणाचं काम?

"मी उठणार होते," खाला म्हणाल्या. "तेवढ्यात शेन सर उठले. म्हणाले, आराखड्यावर सही माझी आहे, तेव्हा 'कोण' हा प्रश्न मिटला. आता काय मोडलं ते बघू या."

सरांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, चौकशीवाल्यांनासुद्धा, आणि सगळी ओळ वाकून वाळू चाळत पुढं सरकली. सापडलेला तुकडा न् तुकडा ताडपत्रीवर मांडला. सर गुडघ्यावर बसून एकेक उचलत, वास घेत, बोटानं कड तपासत. शेवटी स्प्रिंग सापडली, दोन तुकड्यांत. मग त्यांनी तशीच दुसरी स्प्रिंग रात्रभर उघड्यावर ठेवायला लावली आणि पहाटे सगळ्यांसमोर दाबली. ती काचेसारखी तुटली.

"थंडीनं," रुमाना म्हणाली.

"थंडीनं. कारखान्यानं धातू वेगळा वापरला होता. माझं गणित बरोबर होतं. पण सर मला म्हणाले, तू थंडीत ती कशी वागेल हे विचारलं नव्हतंस. तेही लिही. अहवालात दोन्ही लिहिलं. मी त्या खोलीतून माणूस म्हणून बाहेर आले. माझं लग्न, माझा लियांग, त्यानंतरची सगळी वर्षं, सगळं त्यांच्या त्या एका उठण्यामुळं."

खालांनी पांघरूण बाजूला केलं. "चल. खुर्ची आण. आणि तुझ्या त्या साहेबाला बोलाव, टेक्निशियनला बोलाव, माझ्या मुलालाही बोलाव."

इमाद आला तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या पेशंटला नाही कसं म्हणायचं म्हणून. लियांग आला तो आईपुढं चालत नाही म्हणून. कादिर आला, हैदराबादचा तरुण टेक्निशियन, आणि घाबरून लांबच उभा राहिला. खाला व्हीलचेअरवर दांड्यांसमोर बसल्या.

"त्या दिवशी केलंस तसंच कर," त्या रुमानाला म्हणाल्या. "चांगलं करायला जाऊ नको. तसंच कर."

रुमानानं दांडी लावली. टक. बटण बाहेर आलं. खालांच्या सांगण्यावरून कादिरनं वाळूच्या वजनाच्या पिशव्या दांडीवर टाकल्या. दांडी जागची हलली नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. इमादनं घड्याळ पाहिलं.

"सिस्टर, बस करू या."

खाला डोळे मिटून बसल्या होत्या. "माझ्या आधी कोण होतं?"

"एक सुदानी बाई," रुमाना म्हणाली. "उंच आहे ती... खाला, दांडी वर होती! मी ती वरून खाली आणली. आणि आत्ता मी खालून वर लावतेय."

"मग वरून खाली आण."

रुमानानं दांडी पार वर नेली आणि तिथून खाली आणली. टक. बटण बाहेर आलं, अगदी तस्सं. कादिरनं पिशव्या टाकल्या. "आता बाजूनं ढकल," खाला म्हणाल्या. "मी वळत होते." कादिरनं हाताच्या तळव्यानं दांडी बाजूला रेटली, आणि ती सगळ्यांच्या देखत खाडकन खाली गेली.

कादिर हिंदीत म्हणाला, "या खुदा, मैंने भी तो बस बटन देखकर चेक किया था." त्यानं खांब उघडला. स्प्रिंग जुनी होऊन ढिली पडली होती. वरून खाली येताना बटण भोकात अर्धंच शिरायचं आणि काठावर टेकून राहायचं. बाहेरून पाहणाऱ्याला पूर्ण बसल्यासारखंच दिसायचं.

"तुम्ही तपासता कसं?" खालांनी त्याला विचारलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"बटण बाहेर दिसलं की ठीक, मॅडम. पुस्तकात तसंच दिलंय."

"मग पुस्तकात एक ओळ कमी आहे," खाला म्हणाल्या. "हा मुलगा पुस्तकाप्रमाणं वागला." आणि मग रुमानाकडे वळून, "आणि तू बटण पाहिलंस, पण दांडी ओढून पाहिली नाहीस. तेही लिही."

रुमानाला राग आला नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आपली चूक केवढी होती ते तिला आता नीट दिसलं होतं. केवढी नव्हती तेही दिसलं होतं. तिनं फॉर्म घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या सगळं लिहून काढलं, ओढून न पाहिल्याचंसुद्धा. इमादनं तो वाचला. जबाबदार व्यक्तीच्या जागी बराच वेळ पेन धरून उभा राहिला आणि शेवटी तिथं आडवी रेघ मारली.

"पुरुषांच्या विभागात असाच एक सेट आहे," तो कादिरला म्हणाला. "यल्ला, चल, आत्ताच बघू." त्या सेटमध्येही एक बटण अर्धंच बसत होतं, हे दुपारी समजलं. तिथं रोज गुडघे बदललेले म्हातारे चालत होते. संध्याकाळी इमाद स्वतः रुमानाच्या खोलीत आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मी हे काल बंद करून टाकणार होतो. अल्लाहनं वाचवलं. आणि तुमच्या त्या खालांनी." ताकीद निघाली नाही. काँट्रॅक्ट पुढं वाढलं.

लियांग दोन दिवसांनी खजुराचा डबा घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "एक्स-रेवाले डॉक्टर म्हणाले, तुम्ही पट्टा सोडला असता तर खुबा पुन्हा मोडला असता. मी हे आधी विचारायला हवं होतं." रुमाना म्हणाली, "माझी आई पडली असती तर मीही अशीच चिडले असते." तक्रार त्यानं मागं घेतली.

हिवाळा संपेपर्यंत खाला काठी घेऊन चालायला लागल्या. दांड्या सुटल्या, मग रुमानाचा हात सुटला. परत जायच्या आधीच्या शुक्रवारी जाफरनं मायलेकांना घरी जेवायला बोलावलं. त्यानं सकाळीच बाजारातून ताजा मासा आणला. रुमानानं नारळाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, गोडाला वाफवलेली सांदण केली. आणि फणसोपहून आलेल्या पिशवीतली सुकट कांद्यावर परतून एका वाटीत वेगळी ठेवली. खालांनी ती सगळ्यात आधी संपवली.

जेवणं झाल्यावर जाफरनं विचारलं, "खाला, तुमच्या त्या सरांचं पुढं काय झालं?"

"पुढं आणखी वाईट वर्षं आली. परदेशात शिकलेला माणूस म्हणून त्यांना कामावरून काढलं. एका खेड्यात पाठवलं, रताळी लावायला. आमचं रॉकेट पहिल्यांदा नीट वर गेलं तेव्हा सगळ्यांची नावं वाचली गेली. त्यांचं नव्हतं."

"मग त्यांना कळलं कसं?" रुमानानं विचारलं.

"मी गेले सांगायला. आगगाडीनं, मग बैलगाडीनं, मग चालत. काय झालं ते सांगायची मला परवानगी नव्हती. ते शेताच्या कडेला बसले होते, पाय मातीत. मी एवढंच म्हटलं, सर, सगळं बरं झालं. त्यांनी विचारलं, त्या दिवशी थंडी होती का? मी म्हटलं, फार होती. ते हसले. शेकोटीतलं एक रताळं काढलं, अर्धं मोडून मला दिलं. आम्ही दोघांनी ते खाल्लं. बस, एवढंच."

लियांग आईकडे टक लावून पाहत होता. ही गोष्ट त्यालाही नवीन होती.

"नंतर त्यांना परत बोलावलं," खाला म्हणाल्या. "म्हातारपणापर्यंत शिकवत राहिले. आज आमच्या संस्थेत काही बिघडलं की पोरं आधी तुकडे गोळा करतात, तसंच पुन्हा घडवून बघतात, मग बोलतात. त्यातल्या पुष्कळांनी शेन सरांचं नावही ऐकलेलं नाही. त्यांना वाटतं, काम करायची पद्धतच ही."

"याचं तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"पूर्वी वाटायचं." त्यांनी सांदणीचा राहिलेला तुकडा तोंडात टाकला. "तुझं कोण होतं?"

"माझं?"

"पट्टा कसा धरायचा, पडणाऱ्या माणसाला अंगावर कसं घ्यायचं, हे तू जन्मतः शिकून आली नव्हतीस. कोणी शिकवलं?"

रुमाना गोंधळली. मिरजेच्या कॉलेजातल्या शोभना मॅडम तिच्या डोळ्यांपुढं आल्या. कडक बाई. पट्टा ढिला धरला की हातावर टिचकी मारायच्या. वर्गातल्या प्रत्येकीला पडायला लावायच्या आणि प्रत्येकीला धरायला लावायच्या, संध्याकाळ होईपर्यंत. कोकणातून आलेल्या, शहराला बिचकणाऱ्या रुमानाला वसतिगृहात जागा मिळत नव्हती, तेव्हा याच बाईंनी कुठं कुठं खेटे घालून ती मिळवून दिली होती. पास झाल्यावर पेढे द्यायला ती गेली होती, त्यानंतर फोनसुद्धा केलेला नव्हता. लग्न, नोकरी, सौदीत राहायचा इकाम्याचा परवाना, एकामागून एक सुरूच राहिलं.

"आहेत एक," ती म्हणाली. "असतील अजून."

"आहेत की असतील?" खालांनी विचारलं.

खाला चीनला परत निघाल्या त्या दिवशी रुमाना गाडीपर्यंत सोडायला आली होती. खालांनी काठी लियांगच्या हातात दिली, दोन्ही हातांनी तिचे हात धरले आणि चिनी भाषेत काहीतरी म्हटलं. तिनं त्याचा अर्थ विचारला नाही. तिनं त्यांचे हात डोळ्यांना लावले. ज्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, जो कुठल्याशा वाळवंटात एका मुलीसाठी उठून उभा राहिला होता, त्याचे आभार आपण कुठं मानायचे हे तिला समजेना. म्हणून तिनं ते तिथंच, त्या सुरकुतलेल्या हातांत मानले.

शोभना मॅडमचा नंबर शोधायला थोडा वेळ लागला. जुन्या मैत्रिणीकडून मिळाला. सुट्टीच्या दिवशी दुपारी, जाफर नमाजाहून यायच्या आधी, रुमानानं फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एक जाड, परिचित आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"मॅडम, मी रुमाना. रुमाना फणसोपकर. तुमची विद्यार्थिनी."

"फणसोपकर? ती खिडकीजवळ बसायची, पट्टा ढिला धरायची ती?"

"हो मॅडम," रुमाना म्हणाली आणि तिला रडू आलं. "आता ढिला धरत नाही."

"मग रडतेस कशाला? काही झालंय का? आहेस कुठं तू?"

"यान्बूला. सौदीत. काही झालं नाही मॅडम, सगळं बरं आहे. तुमचे आभार मानायचे होते. खूप वर्षांपूर्वीच मानायला हवे होते."

शोभना मॅडम म्हणाल्या, "थांब, मला नीट ऐकू येत नाही हल्ली. तो व्हिडिओ का काय असतो तो लाव. तोंड बघू दे आधी तुझं."

रुमानानं ओढणीनं डोळे पुसले, केस सारखे केले आणि व्हिडिओ सुरू केला.